प्रमाणपत्राचा सातबारा कुणाच्या नावावर?

सेंद्रिय प्रमाणपत्रावरचा वाद गेली कित्येक वर्षे घाण्याच्या बैलासारखा एकाच खुंट्याभोवती फिरतो आहे. एक बाजू म्हणते, प्रमाणपत्र हा लहान शेतकऱ्याला नाडण्याचा धंदा आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेणखतावर शेती करणाऱ्याने आपण निर्दोष आहोत हे पदरचे पैसे मोजून सिद्ध करायचे, आणि फवारणी करणाऱ्याला मात्र कुणी साधा प्रश्नही विचारायचा नाही, हा कुठला न्याय? दुसरी बाजू म्हणते, कागद नसेल तर 'सेंद्रिय' हा शब्द उद्या कुणीही पाटीवर रंगवील आणि खऱ्याबरोबर खोटेही त्याच भावाने विकले जाईल. पहिल्या बाजूचे सगळे बोलणे फीभोवती फिरते, दुसरीचे प्रामाणिकपणाभोवती. हे दोन्ही प्रश्न ज्या प्रश्नावर टांगलेले आहेत, तो मात्र कुणी विचारत नाही: प्रमाणपत्र असते कुणाच्या नावावर?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. तपासणी हवी. ती कडकही हवी. पण प्रमाणीकरणामुळे लहान शेतकऱ्याचे जे नुकसान होते, ते फीमुळे कमी आणि मालकीमुळे जास्त होते. शेत त्याचे, राबणे त्याचे, रूपांतरणाच्या, म्हणजे साधे शेत सेंद्रिय करण्याच्या, वर्षांतली उत्पादनातली घट त्याची. त्यातून जो विश्वास तयार होतो त्याचा कागद मात्र दुसऱ्याच्या कपाटात. ही व्यवस्था तशीच ठेवून फी माफ केली, अनुदान दिले, अर्ज सोपे केले, तरी शेतकऱ्याच्या हाती फार काही लागणार नाही.

हे समजायचे तर प्रमाणपत्र नेमके कशाचे असते ते आधी पाहावे लागेल. ते दाण्याचे नसते. दाण्यात कीटकनाशकाचा अंश सापडला तर तो वापरला गेला, किंवा कुठून तरी आला, एवढे कळते. सापडला नाही म्हणून शेती सेंद्रिय होती असे ठरत नाही. दाण्यातले नत्र युरियातून आले की शेणखतातून, हे नेहमीच्या चाचणीत दिसतच नाही. दुधाची गोष्ट वेगळी होती. पूर्वी दूध वजनावर घेतले जाई, म्हणजे पाणी घालणारा फायद्यात आणि चांगले दूध घालणारा तोट्यात. १८९० मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी स्निग्धता मोजण्याची सोपी चाचणी बसवली आणि तिचे पेटंटही घेतले नाही. त्यानंतर दूध घालणाऱ्याला आपला प्रामाणिकपणा तोंडाने सांगावा लागला नाही. पुरावा बाटलीत होता, आणि तो तपासणे घेणाऱ्याचे काम होते. सोन्याचेही तसेच. १३०० साली इंग्लंडमध्ये कायद्याने धातूवर शुद्धतेचा ठसा मारायला सुरुवात झाली. तो ठसा दागिन्यावर असतो. दागिना जिथे जाईल तिथे तो जातो. सेंद्रिय मालाला अशी बाटली नाही आणि असा ठसाही नाही. तिथे पुरावा म्हणजे वही. शेताचा नकाशा, तीन वर्षांचा इतिहास, निविष्ठांच्या, म्हणजे बियाणे-खते-औषधांच्या, पावत्या, कामाची रोजनिशी. ज्याच्या ताब्यात वही त्याच्या ताब्यात माल.

ही वही भरणे किती जिकिरीचे असते, याची कल्पना दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना फारशी नसते. अर्जाबरोबर प्रत्येक तुकड्याचा नकाशा द्यायचा: क्षेत्र, अक्षांश-रेखांश, चारही बाजूंचे शेजारी, त्यांची पिके, पाणी कुठून येते, उतार कुणीकडे. मागच्या तीन वर्षांत त्या तुकड्यात काय पेरले, काय टाकले. मग वार्षिक आराखडा: फेरपालट, बियाणे, खत, कीड आली तर काय करणार. बियाणे सेंद्रिय हवे. ते मिळत नसल्याचा पुरावा दिला तर साधे चालते, पण त्यावर रासायनिक बीजप्रक्रिया झालेली चालत नाही, आणि जनुकीय बदल केलेले तर मुळीच नाही. त्यानंतर रोजनिशी. कोणत्या तारखेला, कोणत्या तुकड्यात, काय, किती, कुठून आणलेले. कापणीची नोंद वेगळी, साठवणीची वेगळी, विक्रीची वेगळी. वर्षातून निदान एकदा निरीक्षक येतो, बांधावरून फिरतो, कोठार उघडून पाहतो, पावत्या नोंदींशी ताडतो, शंका आली तर मातीचा किंवा पानांचा नमुना घेतो. शेवटी तो एक साधे गणित करतो: या क्षेत्रात एवढे पीक निघू शकते का, आणि विकलेला माल त्याहून जास्त तर नाही ना?

हे सगळे पहिल्या दिवसापासून करायचे, पण दाम नंतर मिळणार. हंगामी पिकांसाठी भारतीय आणि युरोपीय नियमांत पेरणीच्या आधी दोन वर्षांचा रूपांतरण काळ आहे, बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या सेंद्रिय तोडणीच्या आधी तीन वर्षांचा. अमेरिकेत सरसकट कापणीच्या आधी ३६ महिने. या काळात नियम सगळे पाळायचे, उत्पादनातली घट सोसायची, आणि माल बहुधा साध्याच भावाने विकायचा.

यात बिघडते कुठे? शेतकऱ्याने मुद्दाम फवारले, अशा प्रकरणांवर भाषणे होतात. प्रत्यक्षात घोळ बरेचदा क्षुल्लक गोष्टींत होतो. शेजाऱ्याकडून मागून आणलेला फवारणी पंप नुसत्या पाण्याने विसळला, टाकीच्या तळाशी आणि नळीत जुन्या औषधाचा अंश राहिला. माल भरायला रासायनिक खताची रिकामी गोणी वापरली. बांधालगतचा मोकळा पट्टा सोडला होता, पण वारा त्या दिवशी उलटा होता. विकत आणलेले कोंबडीखत बंदिस्त पोल्ट्रीतले, म्हणजे नियमात न बसणारे, निघाले. 'जैविक' म्हणून दुकानातून आणलेल्या कीडनाशकातच रसायनाची भेसळ होती, आणि हा प्रकार तर शेतकऱ्याला डोळ्यांनी ओळखताच येत नाही. दोष कुणाचाही असो, अंश सापडला की झळ त्याला लागते. अमेरिकी नियमात साध्या मालासाठी ठरलेल्या मर्यादेच्या ५ टक्क्यांहून जास्त अंश आढळला, तर माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. वारा कुणी सोडला, हे तिथे विचारले जात नाही.

आता एक-दोन एकरवाल्याने हे एकट्याने करावे, त्याचा खर्च भरावा, असे म्हणणे निव्वळ थट्टा आहे. निरीक्षकाचा एक दिवस पाच एकरांसाठी आणि पाचशे एकरांसाठी जवळपास सारख्याच किमतीचा असतो. म्हणून गट प्रमाणीकरण आले. १९८०च्या दशकात मेक्सिकोतल्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संघांतून ही वाट निघाली: गावातल्याच माणसांना अंतर्गत निरीक्षक करायचे, त्यांनी वर्षातून किमान एकदा प्रत्येक सभासदाचे शेत पाहायचे, आणि बाहेरच्या संस्थेने सगळी शेते न पाहता ती अंतर्गत यंत्रणा नीट चालते का ते तपासायचे, नमुन्यादाखल काही शेते स्वतः फिरायची. किती शेते? बराच काळ सभासदसंख्येचे वर्गमूळ हा ठोकताळा होता. ४०० सभासद असतील तर २०. युरोपच्या नव्या नियमात किमान ५ टक्के आहे. ४०० ला तेही २०च येतात, पण २,००० ला वर्गमुळाने ४५ आणि टक्क्याने १०० होतात. अमेरिकेने २०२४ पासून वर्गमुळाची १.४ पट किंवा २ टक्के, यांतले जे जास्त ते, असे ठरवले.

गट प्रमाणीकरण ही चांगली कल्पना आहे. तिच्यावाचून जगातले बहुसंख्य लहान सेंद्रिय उत्पादक या व्यवस्थेच्या बाहेरच राहिले असते. पण मूळ कल्पनेत गट शेतकऱ्यांचा होता. पुढे तो अनेक ठिकाणी खरेदीदाराचा झाला. निर्यातदार किंवा प्रक्रिया करणारी कंपनी गावोगाव माणसे पाठवते, शेतकऱ्यांची नोंदणी करते, अंतर्गत यंत्रणेचे पगार देते, प्रमाणन संस्थेची फी भरते. प्रमाणपत्र कंपनीच्या नावे निघते. त्याला यादी जोडलेली असते: नाव, गाव, क्षेत्र, पीक. शेतकरी प्रमाणपत्राच्या परिशिष्टातली एक ओळ असतो.

या ओळीला बाजारात किंमत किती? शून्य. शेतकरी तोच, शेत तेच, माल तोच. पण गटाबाहेरच्या व्यापाऱ्याला तो विकला की त्याच क्षणी साधा माल होतो. कारण प्रत्येक खेपेबरोबर जे व्यवहार प्रमाणपत्र लागते, ज्याला सगळे 'टीसी' म्हणतात, ते प्रमाणपत्रधारकाच्या अर्जावर निघते. शेतकऱ्याला ते मागताच येत नाही. मग भाव ठरवताना तो वाटाघाट कशाच्या जोरावर करणार? साध्या बाजारात निदान चार व्यापारी असतात. प्रमाणित शेतकऱ्याला एकच असतो. विश्वास वाढवण्यासाठी काढलेल्या कागदाने गिऱ्हाइके चारावरून एकावर आणली, हा विनोद कुणाला सुचला नसता.

अंदाजित उत्पादनाची गोष्टही याच जातीची. हंगामाच्या मध्यावर अंतर्गत निरीक्षक प्रत्येक शेताचा अंदाज लिहून ठेवतो आणि विक्री त्या आकड्यातून वजा होत जाते. आकडा कमी लिहिला आणि वर्ष चांगले गेले, तर वरचा माल सेंद्रिय असूनही सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. आकडा जास्त लिहिला, तर त्या फटीतून दुसऱ्याचा माल आत येऊ शकतो. हा आकडा लिहिणारा खरेदीदाराच्या पगारावर असेल तर तो कुणीकडे झुकेल? आणि ज्याच्या नावाने तो लिहिला त्याने तो कधी पाहिलेला असतो का?

मराठी वाचकाला हा पेच नवा वाटायला नको. कसणारा एक आणि कागदावर दुसरा, हे आपण जमिनीत पाहिलेले आहे. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी जे तत्त्व मान्य केले, ते साधे होते: वर्षानुवर्षे राबणाऱ्याचा हक्क नोंदीत दिसला पाहिजे. त्याआधी कुळाने विहीर खणली, बांध घातला, जमीन सुधारली, तरी ती सुधारणा मालकाच्या खात्यात जमा होई, आणि कूळ उठले की हात हलवत उठे. सेंद्रिय शेतीत तीन वर्षांत जमिनीवर जमा होते ती सुधारणा म्हणजे तिचा स्वच्छ इतिहास. तो इतिहास शेतकऱ्याच्या घामाने तयार होतो आणि गटाच्या फाइलीत राहतो. गट बदलायचा झाला की अनेक ठिकाणी जुन्या गटाचा किंवा प्रमाणन संस्थेचा ना हरकत दाखला लागतो. तो अडवला की नव्या ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करण्याची पाळी येते. कसेल त्याची जमीन झाली. कसेल त्याचे प्रमाणपत्र अजून व्हायचे आहे.

यावर खरेदीदारांच्या बाजूचा एक युक्तिवाद आहे आणि तो हलका नाही. ते म्हणतात, तीन वर्षे पैसा आम्ही ओतला. शेतकऱ्यांना प्रशिक्षण दिले, अंतर्गत निरीक्षकांचे पगार दिले, फी भरली. रूपांतरण संपले त्या वर्षी शेजारच्या व्यापाऱ्याने जरा जास्त भाव दाखवला आणि सभासद तिकडे गेले, तर आमच्या गुंतवणुकीचे काय? ही भीती खरी आहे. करार मोडून बाहेर विक्री झाल्यामुळे चांगले प्रकल्प बुडाले आहेत, आणि प्रत्येक वेळी दोष खरेदीदाराचाच होता असे म्हणता येणार नाही. प्रमाणपत्र पूर्णपणे सुटे केले तर लहान शेतकऱ्यावर कुणी पैसा लावणारच नाही, आणि मग तो मुळात प्रमाणितच होणार नाही.

पण या युक्तिवादातून निघते काय ते नीट पाहा. त्यातून निघते की गुंतवणूक परत मिळाली पाहिजे. शेतकऱ्याचा इतिहास गहाण ठेवला पाहिजे, असे त्यातून निघत नाही. गुंतवणूक ही मोजता येणारी रक्कम आहे: प्रतिसभासद फी किती, तपासणीचा खर्च किती, प्रशिक्षणाचा किती. ती करारात लिहावी, दर वर्षी मालातून किती वळती होईल ते लिहावे, आणि ती फिटण्याआधी कुणी गट सोडला तर उरलेली रक्कम भरून सोडावा. पीककर्जाचे असेच चालते. कर्ज दिले म्हणून बँक सातबारावर स्वतःचे नाव लावत नाही. बोजा चढवते, आणि फेड झाली की तो उतरवावा लागतो. प्रमाणपत्रावर बोजा चढवायला माझी हरकत नाही. आज बोजाच्या जागी मालक म्हणून खरेदीदाराचेच नाव लागते, आणि ते उतरवण्याची तारीख कुठे नसते.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा. शेतकऱ्याच्या हाती कागद दिला की तो शेजाऱ्याचा माल आपल्या नावावर खपवील, असे म्हणतात. काही जण खपवतीलही. शेतकरी म्हणजे संत, असे मानायचे कारण नाही. पण मोठ्या फसवणुकी कुठे झाल्या? अमेरिकेत मिसूरीतल्या एका धान्य व्यावसायिकाला २०१९ मध्ये दहा वर्षांहून जास्त कैद झाली. त्याच्याकडे प्रमाणित शेते होती, आणि त्या शेतांच्या आडून त्याने कित्येक वर्षे साधे धान्य सेंद्रिय म्हणून कोट्यवधी डॉलरला विकले. २०१७ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात युक्रेनमधले साधे सोयाबीन तुर्कस्तानमार्गे जहाजातून कॅलिफोर्नियाला पोचेपर्यंत कागदावर सेंद्रिय झाले होते. जवळपास १६ हजार टन. २०२० मध्ये भारतातून युरोपला गेलेल्या तिळात एथिलिन ऑक्साइड सापडले. हे औषध शेतात फवारायचे नव्हे, जंतू मारण्यासाठी साठवणीत आणि प्रक्रियेत धुरी देण्याचे आहे. त्यानंतर युरोपीय आयोगाने भारतातल्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढली आणि त्यांच्याकडे नोंदलेल्या गटांतले हजारो शेतकरी दुसरी संस्था शोधत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. भेसळ माल एकत्र होतो तिथे होते, आणि तपासणीचे ओझे मात्र माल सर्वांत विखुरलेला असतो तिथे. पाच पोत्यांच्या शेतकऱ्याला पाच पोत्यांपुरतेच खोटे बोलता येते.

म्हणून वह्यांचे ओझे आणि खोटे बोलण्याची क्षमता यांचा मेळ बसला पाहिजे. पुराव्याचा कडकपणा अंतरानुसार वाढला पाहिजे, असेही म्हणता येईल: खाणारा आणि पिकवणारा यांच्यामध्ये जितके हात, तितका कागद. ही काही माझी नवी कल्पना नाही. ब्राझीलने २००३ च्या कायद्यात आणि २००७ च्या नियमांत तीन दारे ठेवली. पहिले तृतीय पक्षाच्या, म्हणजे बाहेरच्या स्वतंत्र संस्थेच्या, तपासणीचे. दुसरे सहभाग हमीचे, ज्यात शेतकरी, ग्राहक आणि जाणकार मिळून एकमेकांची शेते पाहतात आणि सगळ्यांची जबाबदारी एकत्र असते. तिसरे थेट विक्री करणाऱ्या कुटुंबशेतीचे: तिथे शिक्का मिळत नाही, पण नोंदणी असते आणि शेत ग्राहकाला व सरकारी निरीक्षकाला केव्हाही पाहता आले पाहिजे, ही अट असते. अमेरिकेत वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत सेंद्रिय विक्री असणाऱ्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र नियम पाळावे आणि नोंदी ठेवाव्या लागतात. भारतात वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान मूळ उत्पादकाला थेट विक्रीत सूट आहे, पण 'जैविक भारत' हे सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह वापरता येत नाही.

सहभाग हमीवर हसणारे पुष्कळ आहेत. भाऊबंद भाऊबंदाला कसा धरील, असे विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. गावात रोज तोंड पाहायचे असते, लग्नकार्यात एकत्र बसायचे असते. चुलत्याच्या शेतातला डबा पाहूनही पाहिला नाही असे होऊ शकते. पण तुलना कशाशी करायची? बाहेरचा निरीक्षक वर्षातून एक दिवस येतो, बहुधा कळवून येतो, आणि मोठ्या गटात तुमच्या शेतावर तर तो कित्येक वर्षे येतही नाही. शेजारी वर्षाचे ३६५ दिवस तिथेच असतो. शिवाय तृतीय पक्षाच्या नियमातच एक गोम आहे जी फार थोड्यांना माहीत असते. आयएसओ १७०६५ या मानकानुसार प्रमाणन करणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. दिला तर हितसंबंधांचा दोष येतो. म्हणजे निरीक्षकाला पट्टा अपुरा दिसला तर तो दोष लिहील, पण कोणते झाड लावून तो भरून काढावा हे सांगणार नाही, त्याला ते पक्के ठाऊक असले तरी. सहभाग गटात तीच भेट शिकण्याची होते. आणि इतिहास पाहिला तर मूळ रूप तेच होते: १९७३ मध्ये कॅलिफोर्नियात सेंद्रिय प्रमाणीकरण सुरू झाले तेव्हा शेतकरीच एकमेकांची शेते तपासत. परक्याने, मानकाप्रमाणे, फी घेऊन तपासायचे हे नंतर आले, माल दूर जाऊ लागला तेव्हा. भाऊबंदकीवर उपाय आहेतच: एका गटाने दुसऱ्या गटाची शेते पाहायची, चिठ्ठ्या टाकून घरे निवडायची, वर्षातून काही नमुने एकत्रित मालातून प्रयोगशाळेत पाठवायचे, निलंबित सभासदांची यादी उघड ठेवायची. भारतातल्या पीजीएसला, म्हणजे सहभाग हमीच्या योजनेला, किमान ५ शेतकऱ्यांचा गट पुरतो, पण एवढ्या लहान गटात भाऊबंदकीचा दोष जास्तच जाणवणार. आणि या योजनेचे चिन्ह निर्यातीला चालत नाही, ही त्याची खरी मर्यादा.

फीचा प्रश्न मी मागे ठेवला, कारण तो तुलनेने सोपा आहे. डेन्मार्कने १९८७ मध्ये सेंद्रिय शेतीचा कायदा केला आणि शेतांची तपासणी सरकारी यंत्रणेकडे ठेवली. शेतकऱ्याला तिची फी पडत नाही. रस्त्यावरचा वजनकाटा तपासायला जर सरकारी निरीक्षक चालतो, तर शेत तपासायला का चालू नये? एवढेच, की फी सरकारने भरली तरी वही कुणाच्या ताब्यात हा प्रश्न तिथल्या तिथेच राहतो. भारतासारख्या देशात तर जास्तच, कारण सेंद्रिय उत्पादकांच्या संख्येत हा देश जगात पहिला आहे आणि त्यातले बहुतेक गटातल्या यादीत आहेत.

मालकीकडे कायद्याचे लक्ष अगदीच गेले नाही असे नाही. युरोपच्या २०१८/८४८ या नियमाने गटाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व हवे, त्यात फक्त शेतकरी असावेत आणि सभासद २,००० पेक्षा जास्त नसावेत, असे सांगितले. सभासदही लहानच हवा: एक तर धारण क्षेत्र ५ हेक्टरपर्यंत, किंवा वैयक्तिक प्रमाणीकरणाचा खर्च त्याच्या सेंद्रिय उलाढालीच्या २ टक्क्यांहून जास्त आणि ती उलाढाल २५ हजार युरोच्या आत. निर्यातदाराच्या नावाचे प्रमाणपत्र त्यामुळे बाद झाले. यावर ओरड झाली की मोठे गट तोडावे लागतील, नव्या संस्था नोंदवाव्या लागतील, हिशेबनीस, लेखापरीक्षण, सगळा खर्च पुन्हा शेतकऱ्याच्याच डोक्यावर. ही ओरड खोटी नाही. आणि त्याहून मोठा धोका वेगळाच आहे. कुळकायद्याच्या वेळी अनेक कुळांकडून 'स्वखुशीने जमीन सोडली' असे लिहून घेतले गेले. कायदा शाबूत आणि कूळ बेदखल. तसे इथेही होऊ शकते. संस्था शेतकऱ्यांची, अध्यक्ष शेतकरी, शिक्का शेतकऱ्यांचा. आणि ऑनलाइन नोंदणीचा लॉगिन-पासवर्ड खरेदीदाराच्या कारकुनाकडे. टीसीचा अर्ज तोच करणार, अंदाजित उत्पादनाचे आकडे तोच भरणार, अध्यक्षाच्या मोबाइलवर ओटीपी आला की फोन करून विचारणार.

तेव्हा एखादा गट शेतकऱ्यांचा आहे की नाही, हे त्याच्या नावावरून किंवा नोंदणीच्या दाखल्यावरून ठरवू नये. काही साधे प्रश्न विचारावेत. अंतर्गत निरीक्षकाचा पगार कोण देतो? सभासदाला आपल्या नावापुढचा अंदाजित उत्पादनाचा आकडा हंगामाच्या मध्यावर कळतो की विक्रीच्या दिवशी? रोजनिशीची एक प्रत घरी राहते की सगळ्या वह्या गोळा करून नेल्या जातात? तुकड्याचा इतिहास, म्हणजे रूपांतरण कधी सुरू झाले, तपासण्या कधी झाल्या, दोष कोणते निघाले आणि कसे निस्तरले, हे शेतकऱ्याच्या नावाने वेगळे काढून देता येते का? भारतात ट्रेसनेटसारख्या, सेंद्रिय मालाचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन प्रणालीत शेतकरीनिहाय नोंद आधीपासून आहे, त्यामुळे तंत्राची अडचण सांगण्यात अर्थ नाही. आणि गट सोडायचा झाल्यास ना हरकत दाखला किती दिवसांत मिळेल? करारात त्यासाठी रकाना असेल तर तो भरलेला आहे का, आणि नसेल तर सही करण्याआधी तो घालून घ्यावा, दिवसांच्या आकड्यासकट.